वन्संचं ‘म्हणे’ आणि माझी फुली

कमलवन्सं गेल्याचं मला पेणच्या बाजारात कळलं, आणि ते ऐकून मी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण स्वतःबद्दल पुढे जे सांगायचं आहे त्याच्यासमोर हे काहीच नाही. झालं असं, की मी नेहमीच्या बाईकडे पोह्याचे पापड निवडत होते. मोबाइल घरीच राहिला होता. तिची बहीण रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत राहते, वन्संच्या घरापासून चार घरं सोडून. पापड पिशवीत भरता भरता ती म्हणाली, "वहिनी, तुमच्या कमलताई सकाळी गेल्या म्हणे." आता ‘कमलताई’ आणि ‘म्हणे’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्याकडे माणूस गेली चाळीस वर्षं हसतोच. तशी मी हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. तेव्हा मला समजलं... घरी आले तर माझे यजमान फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. "तुला चार वेळा लावला," एवढंच म्हणाले. त्यांची ती धाकटी बहीण, माझी नणंद. वयानं माझ्याहून वर्षभरानं लहान, पण रिवाजाप्रमाणे मी त्यांना ‘वन्सं’ म्हणायची आणि त्या मला ‘वहिनी’. जन्मभर आम्ही एकमेकींना अहो-जाहोच केलं.

ज्यांच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता, किंवा जे तेव्हा जन्मलेच नव्हते, त्यांच्यासाठी सांगते. दुपारी बायकांचा कार्यक्रम असायचा. त्यात पाककृती आणि गाणं यांच्या मध्ये तीन-चार मिनिटांचा एक तुकडा लागायचा, महिन्यातून दोनदा. त्याचं नाव ‘म्हणे’. त्यात कमलवन्सं श्रोत्यांना दुर्मीळ माहिती द्यायच्या. कसली माहिती, तर पेणला गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी का रंगवतात? आधी रंगवले तर तो कारागिरांच्या जेवणाच्या डब्यात बघत बसतो, म्हणे. रोह्याचे डास पेणच्या डासांपेक्षा शिस्तीचे का? ते कंपनीच्या भोंग्यावर शिफ्ट बदलतात, म्हणे. वाल भिजत घातले असतील तर त्यांच्यासमोर नवराबायकोनं भांडू नये, मोड येत नाहीत, म्हणे. हे सगळं त्या इतक्या गंभीर आवाजात सांगायच्या, की जणू बाजारभाव वाचताहेत. आणि ‘म्हणे’च्या आधी त्या क्षणभर थांबायच्या. त्या थांबण्यातच सगळी गंमत होती, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी ते कधी कबूल केलं नाही. खांब गावच्या एका बाईंनी पत्र लिहून कळवलं होतं, की आमच्याकडे भांडण झालं आणि वालाला खरंच मोड आले नाहीत, तरी उपाय सांगावा. वन्संनी ते पत्र रेडिओवर वाचलं आणि उपाय सांगितला: वालांची माफी मागावी, नवऱ्याची नाही मागितली तरी चालेल.

आता मुद्द्याचं. रेडिओवर मी जायची होते. वन्संचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. आणीबाणी उठून एखाद-दोन वर्षं झाली असतील. मी माहेरची ठाण्याची, लग्न होऊन पेणला आले आणि इथल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले. ‘घरातलं शास्त्र’ या विषयावर छोटी छोटी भाषणं लिहून मी मुंबईच्या रेडिओ केंद्राला पाठवली होती, आणि आवाजाच्या चाचणीला या असं पत्र आलं. माझ्या आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर एवढ्या आनंदाचं पाकीट आलं नाही. यजमानांना रजा मिळेना, म्हणून सोबतीला वन्सं आल्या. त्यांना मुंबईत एक साडी बदलून आणायची होती. केंद्रावर मी आत गेले. तांदूळ किती वेळा धुवावेत आणि धुतल्यानं त्यातलं काय काय वाहून जातं, यावर तीन पानं वाचली. काचेपलीकडचे अधिकारी ऐकून म्हणाले, "वाचन फार शुद्ध आहे हो तुमचं." मला ते कौतुक वाटलं. बाहेर आले, तर बाकावर वन्सं आणि सर्दीनं बेजार झालेला तिथला शिपाई यांच्या गप्पा रंगल्या होत्या. वन्सं त्याला सांगत होत्या, "आमच्या पेणला सर्दी झाली ना, का आम्ही मिठागराकडे तोंड करून शिंकतो. मिठाला पाणी सुटतं नि आमचं थांबतं." शिपायानं विचारलं, मिठागर कुठल्या दिशेला आलं इथून? वन्संनी गंभीरपणे खिडकी दाखवली आणि तो माणूस उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या मागे दारात ते अधिकारी उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?" मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं. ते माझ्याशी बोलत नव्हते.

त्यानंतर मला आत बसवून घेतलं ते केवळ वन्संची सोबत म्हणून. अधिकाऱ्यांना त्या फार पसंत पडल्या होत्या. अडचण एकच होती, रेडिओवरून खोटं कसं सांगायचं? उद्या कोणी तक्रार केली तर? ते डोकं खाजवत बसले. मी संतापानं आतून उकळत होते आणि काहीतरी खवचट बोलायचं म्हणून म्हणाले, "प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ लावा. मग ते खोटं राहत नाही, ऐकीव होतं. व्याकरणात बसतं." अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. "वा," म्हणाले, "नावच झालं की." आणि कागदावर ‘म्हणे’ असं लिहून त्याखाली त्यांनी वन्संचं नाव लिहिलं. वन्संनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे हे तुमचं हां वहिनी, अशा अर्थानं. पण मान हलवलेली कागदावर उमटत नाही. मागच्या महिन्यात एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात ‘त्यांनी स्वतः शोधलेल्या ‘म्हणे’ या शब्दाने’ असं छापलं आहे. मी ते कात्रण कापून ठेवलं आणि ‘स्वतः’ या शब्दाखाली तांबडी रेघ मारली. सवय जात नाही.

तांबड्या शाईचा विषय निघालाच आहे. अधिकाऱ्यांनी एक अट घातली होती. माहितीची यादी आधी कोणीतरी शिकलेल्या माणसानं तपासावी, म्हणजे औषधपाण्याचं वगैरे भलतंसलतं काही जायला नको. शिकलेलं माणूस घरातच होतं. तेव्हापासून दर महिन्याला वन्सं रोह्याहून एसटीनं यायच्या, वहीच्या पानावर पंचवीस-तीस वाक्यं घेऊन. मी खऱ्याला बरोबरची खूण करायची आणि खोट्याला फुली. शेळीला वरचे पुढचे दात नसतात, बरोबर. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा, बरोबर. माझी भाबडी समजूत अशी, की त्या खुणेची वाक्यं वाचतील. पहिले दोन कार्यक्रम ऐकले आणि थक्क झाले. बाई फक्त फुल्या वाचत होत्या. मी जाब विचारला तर म्हणाल्या, "खऱ्याला कोण हसतंय वहिनी? शेळीला दात नाय तर नाय, त्यात हसायचं काय? तुमची फुली बघितली का मला कळतं, हे चालणार." म्हणजे माझं सगळं शिक्षण त्यांना चाळणी म्हणून उपयोगी पडत होतं, आणि चाळणीत जे वर उरायचं ते मला टाकून द्यायला मिळायचं. एकाच वाक्यावर आमचा खरा वाद झाला. अमावास्येला खेकडा भरलेला असतो आणि पौर्णिमेला पोकळ, कारण चांदण्यात स्वतःची सावली बघून तो भीतीनं वाळतो. हे इथले सगळेच सांगतात. मी फुली मारू की खूण करू, मला ठरवता येईना. वन्सं म्हणाल्या, "राहू दे, अर्धी फुली मारा." मग त्यांनी ते रेडिओवर अर्ध्या आवाजात वाचलं.

आणि मग त्यांनी मलाच कार्यक्रमात घेतलं. मी न जाता. "आमच्या वहिनी शास्त्र शिकवतात. त्यांना हे पटलेलं नाय. त्यांनी तांबडी फुली मारलेली हाय. पण मी तुम्हाला सांगते..." अशी सुरुवात व्हायची. पेणपासून रोह्यापर्यंत मला न ओळखणारं माणूस उरलं नाही. शिंपी माप घेताना विचारायचा, "त्या वहिनी तुम्हीच काय?" एसटीत कंडक्टर तिकीट देताना म्हणायचा, "वहिनी, हे तिकीट खरं हाय, तपासून घ्या." माझं नाव विजया आहे. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण अख्ख्या तालुक्यात ते फक्त शाळेच्या हजेरीपटावर होतं. शाळेत तर कहर. चाचणी परीक्षेत एका मुलीनं लिहिलं, ‘पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळते, म्हणे.’ मी शून्य दिलं. पुढच्या चाचणीत सात मुलींनी तसं लिहिलं. आणि घरी दुपारी सुट्टी असली की हे रेडिओ लावून बसायचे, पोट धरून हसायचे, डोळ्यांत पाणी यायचं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. रेडिओपेक्षा यांचं हसणंच जास्त. आमच्या लग्नाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि माझ्या कुठल्याही बोलण्यावर हे असे हसले नव्हते. मला वन्संचा हेवा वाटायचा. सौम्य शब्द शोधला होता, पण मिळाला नाही.

तरीही त्या काही सरळसरळ वाईट बाई होत्या असं मी दाखवू शकत नाही, हीच तर पंचाईत. त्यांचे यजमान कंपनीत शिफ्टला, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. त्या सासूचं सगळं करून, भात-डाळ उरकून, मग त्या वही घेऊन बसायच्या. माझ्याकडे यायच्या ते रिकाम्या हातानं कधी नाही. पावट्याच्या शेंगा, तांदळाची भाकरी, काहीतरी असायचंच. मी मात्र त्यांच्यासाठी केलेल्या चहात साखर नेहमी अर्धा चमचा कमी घालायची. त्यांनी कधी मागून घेतली नाही.

मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. बाकीच्या शिक्षिकांना प्रमुख पाहुण्या म्हणून कोण हव्या होत्या हे सांगायला नको. आणि ओळख करून द्यायचं काम आपोआपच माझ्याकडे. मी दोन पानं लिहिली, मन लावून लिहिली, देवाशपथ. जन्म कुठला, शिक्षण किती, कार्यक्रम कधीपासून, सगळं अचूक. मुली कुजबुजत होत्या. मी बसल्यावर वन्सं उठल्या, माइक जवळ घेतला आणि म्हणाल्या, "वहिनींनी माझी जी ओळख करून दिली ती सगळी खरी हाय. म्हणून तुम्हाला हसू आलं नाय." मंडप कोसळला. सातशे पोरी, मुख्याध्यापिका, माझ्या शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या बाई, सगळे. मीसुद्धा हसले, कारण व्यासपीठावर बसलेल्या माणसाला हसावंच लागतं. त्यात त्यांना काही लागट बोलायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या दिवशी ते कळून काही उपयोग झाला नाही.

पुढच्या महिन्याची यादी घेऊन त्या आल्या तेव्हा त्या यादीत एक वाक्य होतं. ‘मिठागरात राबणाऱ्या माणसाचे पाय चितेवर जळत नाहीत. मीठ लावलेला मासा टिकतो तसे टिकतात.’ त्यांनी ते एसटीत कोणाकडून तरी अर्धवट ऐकलं होतं. त्या भातशेतीच्या घरातल्या, मिठाशी त्यांचा संबंध डब्यापुरता. त्यांना ती एक मजेशीर थाप वाटली. मला मात्र ठाऊक होतं. धरमतरच्या खाडीकडच्या गावातली हिरा नावाची मुलगी माझ्या वर्गात होती. तिचा आजा गेला तेव्हा ती बरेच दिवस शाळेत आली नाही. आल्यावर तिनं मला एकटीला सांगितलं होतं, की बाकी सगळं झालं, पाय राहिले. ते वेगळे पुरावे लागले. सांगताना ती स्वतःच्या पायांकडे बघत होती... म्हणजे यादीतलं ते वाक्य मिठागरातल्या घरांत कुठल्या आवाजात बोललं जातं, हे पेणमध्ये मला जितकं माहीत होतं तितकं फार थोड्यांना असेल. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "वन्सं, हे वाचू नका." चार शब्द. त्या समोर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी तांबडं पेन उचललं आणि फुली मारली. शास्त्रात याला आधार आहे की नाही मला नक्की माहीत नव्हतं, तेव्हा फुली चूक नव्हती, अशी वकिली मी नंतर पुष्कळ वर्षं स्वतःशी केली. पण मारताना माझ्या मनात शास्त्र नव्हतं. एकदा तरी कोणी हसणार नाही, हे होतं.

ते वाक्य वाचलं गेलं, त्याच थांब्यासकट, त्याच ‘म्हणे’सकट. यजमान हसले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले. आठवड्यानं वन्संच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. त्यावर शिसपेन्सिलीनं एकच ओळ होती: ‘बाय, आमचे पाय कदी बगितलेस का?’ ते कार्ड घेऊन वन्सं थेट पेणला आल्या. मला दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी कार्ड उलटंसुलटं केलं, जणू मागच्या बाजूला उत्तर असणार. "उद्या मी तिकडे जाऊन येते," त्या म्हणाल्या, "येता माझ्यासंगती?" मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. खोटं होतं ते. पेपर परवाच देऊन झाले होते.

त्या एकट्या गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा पायांना वहाणा घालवत नव्हत्या. दिवसभर त्या बायकांबरोबर मिठागरात उभ्या राहून त्यांनी मीठ ओढलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, त्याच उतरल्या होत्या. तळव्यांना भेगा पडून त्यात मीठ गेलं होतं. यजमानांनी कोमट पाण्याची बादली आणली आणि त्या ओट्यावर पाय बुडवून बसल्या. मी आत चहा करायला गेले. त्या दिवशी साखर पुरेशी घातली.

पुढच्या वेळी ‘म्हणे’ लागलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन रेडिओपाशी उभी राहिले. वन्संचा आवाज नेहमीसारखाच होता. त्या म्हणाल्या, "मागच्या टायमाला मी मिठागरातल्या पायांची थट्टा केली. ते पाय मी बघून आले. त्यात थट्टा करण्यासारखं काय पण नाय. आमच्या वहिनींनी मला सांगितलं होतं, कमल, हे वाचू नको. मी त्यांचं ऐकलं नाय. चूक माझी. माफ करा." आणि गाणं लागलं. मी वाट पाहत होते, अजूनही पाहते आहे असं कधी कधी वाटतं. त्या वाक्याच्या शेवटी त्यांनी ‘म्हणे’ लावलं नव्हतं. इतक्या वर्षांत रेडिओवरून त्यांनी हजार थापा मारल्या असतील, सगळ्या शेपटीसकट. बिनशेपटीची थाप ही एकच, आणि ती माझ्यासाठी.

त्याचा परिणाम असा झाला, की मी थोर ठरले. ऐकलं असतं वहिनींचं तर, असं लोक म्हणायला लागले. थट्टेतल्या वहिनीला एकदम मान आला. हिराची आई दरवर्षी मिठाची एक पिशवी माझ्या दारात ठेवून जायची, स्वच्छ, निवडलेलं मीठ. "तुमी आमची बाजू घेतलीत," म्हणायची. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी ते मीठ सतरा वर्षं खाल्लं आणि एक शब्द बोलले नाही. वन्संना विचारायचंही धाडस झालं नाही, की तुम्ही तसं का म्हणालात. त्या नेहमीप्रमाणे यादी घेऊन येत राहिल्या. फरक इतकाच, की कधीमधी एखाद्या वाक्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘वहिनी, हे नीट बघा हां.’ मी नीट बघायची. त्यांनी मला पकडलं आहे की त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, हे मला त्या अक्षरावरून कधीच ठरवता आलं नाही. आणि याचाही मला राग यायचा. एखाद्यानं चांगुलपणातही आपल्या पुढे जावं म्हणजे काय? पुढे टीव्ही आला, दुपारचे कार्यक्रम बदलले, ‘म्हणे’ बंद झालं. वन्सं अष्टमीत नातवंडांना थापा सांगत म्हाताऱ्या झाल्या. शेवटची भेट झाली तेव्हा त्यांना ऐकू कमी यायचं. मी मोठ्यानं म्हटलं, "तब्येत बरी दिसते." त्या म्हणाल्या, "फुली मारा."

तीन आठवड्यांपूर्वी रोह्यात त्यांच्यासाठी सभा झाली. लहानसं सभागृह भरून माणसं बाहेर उभी होती. जो उठेल तो त्यांची एक थाप सांगत होता आणि रडतारडता लोक हसत होते. खाडीकडून टेम्पो करून बायका आल्या होत्या, त्यांत हिरा होती, पन्नाशी उलटलेली. मग कोणीतरी म्हणालं, "आता वहिनी बोलतील." टाळ्या पडल्या. मी माइकपाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसांनी मला ऐकायला कान लावले होते, आणि मी ठरवून गेले होते. मी म्हटलं, "वन्संनी रेडिओवर सांगितलं होतं, की मिठागराचं ते वाक्य वाचू नका असं मी म्हटलं होतं. ते खोटं आहे. मी तसं काही म्हटलं नाही. ते वाचलं तर लोक दुखावतील हे मला माहीत होतं, आणि तरी मी फुली मारली. मला त्यांचा हेवा वाटायचा, म्हणून." मी हिराकडे बघत होते. तेवढ्यात मागून कोणीतरी, हळूच, अगदी वन्संसारखं क्षणभर थांबून म्हणालं, "म्हणे."

असा हशा मी माझ्या आयुष्यात ऐकलेला नाही. खुर्च्या हलल्या. हिरा पदरानं डोळे पुसत हसत होती, तिच्या शेजारच्या बाया एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. मी हात वर करून म्हणाले, "नाही, मी खरं सांगते आहे." त्यावर दुप्पट हसले. त्या सगळ्यांना वाटलं, वहिनीनं वन्संची आठवण म्हणून अशी एक थाप मारली. खाली उतरताना लोक माझे हात धरत होते. हिरा म्हणाली, "बाई, त्यांच्यासारखंच बोललात." एकेकाळी या वाक्यासाठी मी काय दिलं नसतं.

परतीच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो. नागोठणं मागे पडल्यावर मी यांना म्हटलं, "ते खरं होतं. मी सांगितलं ते." हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"कसं?"

"कमलनं सांगितलं होतं. मिठागरातून आली, बादलीत पाय घालून बसली होती तेव्हाच. तू आत चहा टाकत होतीस. आजाच्या पायांचं तुला आधीच ठाऊक होतं, हे हिराच्या घरी तिला कळलं होतं." मग थोडं थांबून, बहिणीच्या आवाजात म्हणाले, "दादा, वहिनींना काय बोलू नको. रेडिओवरची जागा त्यांची व्हती, मी जाऊन बसले. एक फुली त्यांनी मारली. आता फिट्टंफाट."

सतरा वर्षं हे माझ्याशेजारी बसून ते मीठ जेवले होते, आणि पस्तीसहून अधिक वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. मला रडू आलं, हे खरं. पण त्याच्या आधी, क्षणभर आधी, दुसरंच काहीतरी आलं, आणि तेही मी इथं लिहून टाकते, निदान छापलेलं तरी कोणी खरं मानेल म्हणून. सबंध आयुष्यात माझ्याजवळ माझं म्हणावं असं एकच गुपित होतं. तेही वन्संनी माझ्या आधी सांगून टाकलं होतं.